जुव्यावर दिवाळीचे पाहुणे येणार असतील तर आधी पाणी बघा, मग फराळ

ताई, तुम्ही विचारलंय की मालवणजवळच्या कालावल खाडीतल्या जुव्यावर, म्हणजे खाडीतल्या बेटावर, सासरच्या घरात तुम्ही गेल्या वर्षी कायमच्या राहायला आलात, आणि या दिवाळीला मुंबई-पुण्याहून अठरा माणसं येणार आहेत, त्यात लहान पोरं आहेत, गुडघे दुखणाऱ्या दोन आत्या आहेत, घरात बाईमाणूस तुम्ही एकट्याच, तर तयारी कुठून सुरू करू आणि एवढ्यांचा स्वयंपाक कसा झेपवू. मी याच खाडीत लग्न करून आले, घरचे पाहुणे पण करते आणि होमस्टेचे पण, त्यामुळे जे रोजच्या करण्यातलं आहे तेच सांगते. स्वयंपाकाची काळजी तुम्ही सगळ्यात पुढे ठेवलीय, ती मी सगळ्यात मागे ठेवीन. बेटावर पाहुणे सांभाळणं म्हणजे दोन पाणी सांभाळणं, एक खाडीचं आणि एक विहिरीचं. ही दोन जमली की अठराचे पंचवीस झाले तरी काही अडत नाही, आणि ही दोन चुकली तर पाच माणसं पण जड होतात.

खाडीपासून सुरू करू. पाहुण्यांनी तिकीट काढायच्या आधी तुम्ही कालनिर्णय उघडून तिथी बघायची. आपल्याकडची जुनी माणसं भरती कधी ते तोंडावर सांगायची, त्याचा हिशोब सोपा आहे, तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे पूर्ण भरती तीनच्या सुमाराला, एकदा दुपारी आणि एकदा पहाटे, आणि त्याच्या सहा तास पुढे-मागे पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी. अष्टमीला भरती सहाला, म्हणजे सुकती बाराला. पुनव किंवा अवस झाली की परत पहिल्यापासून मोजायचं. भरती रोज पाऊण तास-पन्नास मिनिटं पुढे सरकते म्हणून हा हिशोब बसतो. हा अंदाज आहे हे लक्षात ठेवा, समुद्राच्या तोंडापासून खाडीत जेवढं आत जाल तेवढं पाणी उशिरा पोचतं, म्हणून आठ-दहा दिवस आधीपासून तुमच्याच धक्क्यावर एक काठी रोवून पाणी कुठवर चढतं, किती वाजता ठेपतं ते बघून वहीत लिहून ठेवा. मोबाईलवर मालवणची भरती दाखवतात ती पण बघा पण तुमच्या काठीवर जास्त विश्वास ठेवा.

आता हे दिवाळीला लावून बघू. धनत्रयोदशीला तेराची पाऊणपट पावणेदहा. मुंबईहून रात्री सुटणारी कोकणकन्या एक्सप्रेस सकाळी सात-आठच्या सुमाराला कणकवली-कुडाळला टेकते, तिथून गाडी करून मसुऱ्याकडच्या काठावर यायला चहापाणी धरून दीड-दोन तास, म्हणजे माणसं काठावर येतात तेव्हा खाडी काठोकाठ भरलेली असते, होडी थेट पायरीला लागते, आत्यांना चिखलात पाय पण घालावा लागत नाही. वसुबारसेला भरती नऊला, नरक चतुर्दशीला साडेदहाला, हे पण दिवस चांगले. म्हणून त्यांना सांगा की रात्रीच्या गाडीचं तिकीट काढा आणि धनत्रयोदशीला सकाळी उतरा. हेच तुम्ही गणपतीला केलंत तर उलटं होईल, हरतालिकेला तृतीया, भरती सव्वादोनला म्हणजे सुकती सकाळी सव्वाआठला, सकाळच्या गाडीने उतरलेला माणूस सामान घेऊन काठावर उभा आणि समोर नुसता गाळ. त्यात पावसाळी वेळापत्रकात गाड्या उशिरा असतात. गणपतीला म्हणूनच आम्ही आमच्या लोकांना दुपारपर्यंत काठावरच्या नातेवाईकांकडे जेवायला थांबवतो आणि एकच्या पुढे होडी सोडतो. स्वतःच्या गाडीने येणाऱ्यांना तर आधीच सांगून ठेवा की घाटात नाश्त्याला किती वेळ थांबायचं ते खाडी ठरवणार.

अवस-पुनवेच्या आसपास उधाण असतं, पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं पण, अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा चढउतार कमी. मुंबईला उधाणाला चार मीटरच्या वर फरक पडतो, आपल्या बाजूला साधारण दोन मीटरच, पण उथळ खाडीत दोन मीटर म्हणजे होडी तरंगणार की रुतणार एवढा फरक. दिवाळी बरोबर अवसेवर येते म्हणजे उधाणातच येते. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पाच-साडेपाचला खाडी तळाला जाते आणि सातपर्यंत जड होडी हलत नाही, तेव्हा पूजेचं काही राहिलं, झेंडू राहिले, साखर संपली असं त्या वेळी चालणार नाही, दुपारी दोनपर्यंत काठावरचं सगळं आणून ठेवायचं.

होडीचं बोलणं आत्ताच करून ठेवा. तरीवाल्याला पण दिवाळी असते, त्याच्याही घरी बहिणी येतात, आदल्या दिवशी फोन करून माणूस मिळत नाही आणि मिळाला तरी त्याला त्याच्या सणातून उठवणं बरोबर नाही. कुठल्या दिवशी किती फेऱ्या आणि त्याचे किती पैसे ते आधी ठरवा आणि सणाचे म्हणून वरती काहीतरी द्याच. माणसं आणि सामान वेगवेगळ्या फेरीत आणा. मुंबईची माणसं एका होडीत सगळे बसू म्हणतात, त्यांना एकत्र फोटो हवा असतो, ऐकू नका. होडीची कड पाण्याच्या वर वीतभर तरी दिसली पाहिजे, मुलांना लाइफ जॅकेट घातल्याशिवाय धक्क्यावरून पाय उचलू द्यायचा नाही, आणि मधे कोणी उभं राहायचं नाही, मग तो साठ वर्षांचा असला तरी. आत्यांसाठी प्लास्टिकची खुर्ची होडीत ठेवू नका, ती उलटते, आडवी फळी टाकून त्यावर घोंगडी घाला आणि चढताना-उतरताना दोन्ही बाजूंनी माणूस ठेवा. धक्क्याच्या खालच्या पायऱ्यांवर शेवाळ धरलेलं असतं, ते आदल्या दिवशी सुकतीला खराट्याने घासून वर कोरडी वाळू मारून ठेवा. बेटावर पाहुणा पडतो तो याच पायऱ्यांवर.

आता विहीर, आणि इथे मी जरा जास्त लिहिणार आहे कारण नवीन राहायला आलेल्या माणसाला हे कोणी सांगत नाही.

जुव्यावरचं गोडं पाणी हे पावसाचं जमिनीत मुरलेलं पाणी, आणि ते खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं कारण खारं पाणी जड. सिंधुदुर्ग किल्ल्यात चारी बाजूंनी समुद्र असून दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन विहिरींना गोडं पाणी आहे, ते पाणी पण पावसाचंच. पण हा थर नाजूक असतो. हिशोब असा सांगतात की समुद्राच्या पातळीच्या वर गोड्या पाण्याचा एक फूट असेल तर त्याच्या जोरावर खाली चाळीसेक फूट गोडं पाणी तोललेलं असतं, म्हणजे वरचा एक फूट तुम्ही उपसून टाकलात की खालचं खारं त्याच्या कितीतरी पट वर यायला बघतं. म्हणून बेटावरच्या विहिरीला मोठा पंप लावून एका दमात टाकी भरली की दुसऱ्या दिवशी चहा मचूळ लागतो, आणि एकदा मचूळ झालेली विहीर लगेच सुधारत नाही, कधी कधी पुढचा पाऊस पडेपर्यंत वाट बघायला लागते. नवीन लोक म्हणतात विहिरीत पाणी तर दिसतंय, मग टंचाई कसली. पाणी दिसणं वेगळं आणि गोडं पाणी असणं वेगळं.

तर करायचं काय, पंप अर्ध्या हॉर्सपॉवरचा पुरे, त्याचा फूटव्हॉल्व्ह (पाणी ओढणारं तोंड) विहिरीच्या तळाला न सोडता पाण्याच्या वरच्या अंगाला दोरीने लटकत ठेवायचा, म्हणजे वरचं गोडं तेवढं येतं. सकाळी अर्धा तास चालवा, बंद करा, विहिरीला भरू द्या, दुपारी परत अर्धा तास, असं थोडं थोडं. पाहुणे यायच्या आठवडाभर आधी सगळ्या टाक्या, पिंपं, हंडे, कळशा भरून ठेवा. माणशी साठ लिटर धरा, घरचे मिळून एकवीस माणसं म्हणजे दिवसाला साडेबाराशे लिटरच्या आसपास, एवढी साठवण दीड दिवसाची तरी हवी. नसेल तर काठावरून दोन सिंटेक्स भाड्याने मिळतात, रिकामी टाकी होडीत हलकीच जाते. दिवाळीला नुकताच पावसाळा संपलेला असतो त्यामुळे विहीर वर्षातल्या सगळ्यात चांगल्या अवस्थेत असते, हे तुमच्या पथ्यावर. मे महिन्यात हेच अठरा लोक येणार असते तर मी तुम्हाला सांगितलं असतं की दोन तुकड्यांत बोलवा. आणि ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला सांगून आधी विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकून घ्या, शिवाय पिण्याचं पाणी उकळूनच द्या. मुंबईचं पोट पाणी बदललं की बिघडतं, आणि लोक दोष माशाला देतात.

शॉवर असेल तर सरळ त्याची कॉक बंद करून टाका आणि न्हाणीत बादली-तांब्या ठेवा. लाज वाटून घेऊ नका, पहिल्या संध्याकाळी सगळे चहाला बसले की मोकळेपणाने सांगा की आपलं पाणी असं असं आहे, दोन बादल्यांत आंघोळ करायची, लोक ऐकतात, मुलं तर जास्तच ऐकतात. न्हाणीचं आणि भांड्यांचं पाणी केळीच्या आळ्यात सोडा. संडासाचा शोषखड्डा विहिरीपासून पन्नास फुटांच्या आत असेल तर मात्र आधी त्याचं बघा, बाकी सगळं सोडून, कारण एरवी तीन माणसांना चालून जाणारा खड्डा अठरा माणसांत विहिरीला जाऊन मिळतो. पॅड आणि डायपर संडासात टाकायचे नाहीत हे दाराच्या आतल्या बाजूला लिहून लावा, तोंडाने सांगायला कोणाला जमत नाही.

घराची तयारी म्हणाल तर खळं, म्हणजे घरापुढचं अंगण, पहिलं. पावसाने खळ्याची माती गेलेली असते, नवी माती टाकून, पाणी मारून, चोपून, मग शेणाने सारवून ते तयार व्हायला पंधरा दिवस तरी लागतात आणि नेमकी त्याच वेळी भातकापणी असते, गडी मिळत नाही. म्हणून दसऱ्यालाच हात घाला. तुम्हाला वाटेल फरशी आहे ना, खळं कशाला. पण अठरा माणसं घरात मावत नाहीत ताई, ती खळ्यात मावतात, जेवण खळ्यात, पत्ते खळ्यात, रात्री मुलांच्या गाद्या पण खळ्यात. वर चुडतांचा, म्हणजे विणलेल्या झावळ्यांचा, मांडव घालून घ्या, दुपारचं ऑक्टोबरचं ऊन आपल्याकडे सोसवत नाही.

माळ्यावरच्या गाद्या-गोधड्या चार दिवस कडक उन्हात टाका, पावसात सगळ्याला बुरशीचा वास धरलेला असतो, आणि आत टाकण्याआधी प्रत्येक गोधडी झटका. हे मी स्वच्छतेसाठी सांगत नाहीये, विंचवासाठी सांगतेय. कोकणातला लाल विंचू हलक्यात घेण्यासारखा नाही, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्यावर प्राझोसिन हे औषध कसं काम करतं ते दाखवून दिलं म्हणून आज माणसं वाचतात, पण त्यासाठी दवाखान्यात वेळेत पोचायला हवं. फुरसं (विषारी साप) पण आपल्याकडे भरपूर, कापणीनंतर गवत-पेंढ्याच्या कडेला असतं, तेव्हा अंधार पडला की बॅटरीशिवाय कोणी विहिरीकडे किंवा संडासाकडे जायचं नाही, आणि पायात चप्पल हवीच. काही झालंच तर बांधणं, कापणं, मंत्र यात वेळ घालवायचा नाही, माणसाला हलू न देता काठावर न्यायचं आणि १०८ ला आधीच फोन करून गाडी काठावर बोलवायची. आणि इथे परत खाडी आली, रात्री सुकतीला माणूस न्यायचा झाला तर कुठून न्यायचा हे तुमच्या घरातल्या निदान दोघांना माहीत पाहिजे. प्रत्येक जुव्याला अशी एखादी जागा असते जिथे सुकतीलाही लहान होडीपुरतं पाणी राहतं. तरीवाल्याला विचारा, तो दाखवील, दिवसाउजेडी एकदा जाऊन बघून या.

वीज. ती जाणार असं धरूनच चाला. घारापुरीसारख्या मुंबईच्या तोंडावरच्या बेटावर समुद्राखालून केबल टाकून कायमची वीज आली ती २०१८ साली, आणि आपल्याकडे खाडी ओलांडून खांबांवरून आलेली तार एका माडाची झावळी पडली तरी बसते. इन्व्हर्टर असेल तर त्यावर फक्त दिवे आणि पंखे, फ्रीज नको. पंप विजेवरचा, म्हणूनच टाकी भरलेली ठेवायची, वीज आली की भरू असं म्हणत बसायचं नाही. गॅसचे दोन भरलेले सिलिंडर आधीच आणून ठेवा आणि चुलीला वाळकी सोडणं (नारळाची सालं), करवंट्या, चुडतं यांचा ढीग आतापासून पडवीत रचा, कारण चावदिसाला, म्हणजे नरक चतुर्दशीला, पहाटे अठरा जणांच्या अभ्यंगाचं पाणी गॅसवर तापवत बसलात तर दुपारपर्यंत आंघोळीच चालतील. मोठं तपेलं चुलीवर चढवायचं, पहाटे चारला जाळ घालायचं काम पुरुषांकडे द्यायचं.

हो, कामं वाटायची. याबद्दल माझं मत अगदी ठाम आहे. पाहुण्याला काम सांगणं म्हणजे कमीपणा असं आपल्याला शिकवलेलं असतं, पण बेटावरच्या घरात एक बाई अठरा जणांचं करायला गेली तर चौथ्या दिवशी ती तापाने झोपते, आणि भाऊबीजेला ओवाळायला तिच्यातच ताकद नसते. तुमच्या दिराला आणि जावेला आत्ताच फोन करून सांगा, खोबरं खवणं पुरुषांचं, पाणी भरणं मोठ्या मुलांचं, भांडी पाळीपाळीने, आत्यांना बसल्या जागी लसूण सोलायला आणि वाती वळायला द्या, त्यांनाही बरं वाटतं. नुसत्या बसवलेल्या म्हाताऱ्या माणसाला आपण ओझं झालो असं वाटायला लागतं, हे मी बघितलंय. तुम्ही फक्त चुलीजवळची जागा आणि किल्ल्या हातात ठेवा.

जेवणाचं आता थोडक्यात. फराळ घरी करायचा हट्ट असेल तर चिवडा आणि शंकरपाळी करा, पण डब्याला घट्ट झाकण पाहिजे, खाडीच्या हवेत चिवडा एका रात्रीत मऊ पडतो. बाकीचा मुंबईहून येणाऱ्यांना आणायला सांगा, एका घराने लाडू एका घराने चकली, ते आनंदाने आणतात. चावदिसाला पोहेच, तेच आपलं, नव्या भाताचे पोहे मिळाले तर उत्तमच, गुळाचे, दुधातले, ताकातले, फोडणीचे असे चार-पाच तऱ्हेचे करायचे, सोबत काळ्या वाटाण्याची उसळ. एवढं केलं की सकाळचं जेवण झालंच. कारीट मात्र आदल्या दिवशी बांधावर जाऊन शोधून आणा, माणशी एक, शहरातल्या मुलांना तुळशीपुढे पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायला मिळणं ही या सगळ्या सणातली त्यांची सगळ्यात मोठी मजा असते. रोजच्या सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि लोणचं, पोरांना घावणे. दुपारी एक भात, एक आमटी किंवा कढी, एक भाजी. पाच प्रकार मांडायचे नाहीत. आगळ, म्हणजे कोकमाचा रस, घरचं असेल तर सोलकढीला काही कष्ट नाहीत. किराणा, नारळ, तेल, साखर, चहा, डाळी हे सगळं एका फेरीत मालवणहून किंवा कणकवलीहून, यादी करून, रोज उठून काठावर जाणं होत नाही.

मासे भाऊबीजेला किंवा ज्या दिवशी तुमच्या घरात चालतात त्या दिवशी, आणि फ्रीजमधे साठवलेले नाहीत. तळाशीलच्या बाजूला रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, लागली की तिथून ताजे बांगडे-पेडवे मिळतात, खाडीतले मासे पागवाल्याला (फेकजाळं टाकणाऱ्याला) सांगून ठेवायचे, शेवटे, काळुंद्र, नशीब असेल तर तांबोशी. कुर्ल्या (खेकडे) अवसेच्या भरलेल्या असतात आणि पुनवेच्या पोकळ असं आपल्याकडे सगळेच मानतात, त्या हिशोबाने दिवाळी हा कुर्ल्यांचा सणच म्हणायचा. अठरा माणसांना तळलेला मासा पुरवायला जाऊ नका, तव्यावर उभं राहून पाय मोडतात, तिरफळं घालून बांगड्याचं मोठं टोपभर तिखलं करा आणि तळलेलं फक्त मुलांना. तिसरे (शिंपले) हवे असतील तर ते पाहुण्यांनाच वेचायला लावा. सकाळी सुकतीला, पायात जुने कॅनव्हासचे बूट घालून, कारण कालवांची धार पाय कापते आणि गाळात शिंगाळ्याचा काटा लागला की रात्रभर ठणका. खाण्यापुरते घ्या, बारीक परत टाका.

पोरांना खाडीत पोहायचं असणारच. पूर्ण भरती ठेपते तेव्हा अर्धा तास पाणी थांबलेलं असतं, तेवढ्यातच, धक्क्याजवळ, दोरी बांधून, मोठं माणूस पाण्यात उभं राहून. भरती-सुकतीच्या सहा तासांतले मधले दोन तास सगळ्यात ओढीचे, जवळपास निम्मं पाणी त्या दोन तासांतच जातं-येतं, तेव्हा वरून शांत दिसणारी खाडी चांगल्या पोहणाऱ्यालाही नेते. फटाके नकोत असं मी म्हणणार नाही, पण गवताची उडवी आणि चुडतांचा मांडव यापासून लांब, खाडीच्या ओल्या वाळूवर, आणि शेजारी दोन बादल्या खारं पाणी. बेटावर बंब येत नाही. रॉकेट नको म्हणजे नकोच. आणि एखादे काका सांगतील की समोरचे कांदळ (खारफुटी) जरा छाटले तर घरातून खाडी काय सुंदर दिसेल, त्यांना छाटू देऊ नका, कायद्याने तर बंदी आहेच, २०१८ ला मुंबई उच्च न्यायालयाने अख्ख्या राज्यासाठी ते स्पष्ट केलंय, पण त्याहून मोठं कारण म्हणजे तेच कांदळ तुमची जमीन धरून बसलेत. ज्या बाजूचे कांदळ गेले त्या बाजूने आपल्या खाडीतल्या जुव्यांचे माड एकेक करून पाण्यात गेलेत, वाळू उपशाने तर ते आणखीच वाढलं. काकांना तिथे उभं करून पडलेले माड दाखवा, पटतं.

हवामानाचं पण बघून ठेवा. दिवाळी ऑक्टोबरात आली तर परतीचा पाऊस असू शकतो, आणि २०१९ ला क्यार वादळ बरोबर दिवाळीच्या आठवड्यात आपल्या किनाऱ्यासमोरून गेलं, कापलेलं भात शेतात भिजलं आणि उधाण असल्यामुळे किनाऱ्याच्या घरांत पाणी शिरलं. मे २०२१ च्या तौक्तेनंतर कित्येक वाड्यांना दिवसच्या दिवस वीज नव्हती. हवामान खात्याने इशारा दिला तर येणाऱ्यांना सरळ सांगा की दोन दिवस थांबा, आणि आधीच आलेले असतील तर तांदूळ-डाळ-गॅस-मेणबत्त्या-औषधं तीन दिवसांची जास्त आहेत ना एवढं बघा. ज्यांना रोजच्या गोळ्या लागतात त्यांना आठवड्याच्या जास्तीच्या आणायला आत्ताच सांगा, बीपी आणि साखरेच्या गोळ्या विसरून येणारं कोणीतरी असतंच आणि खाडी ओलांडून त्या आणण्यात एक सबंध सकाळ जाते.

शेजाऱ्यांना विसरू नका. जुव्यावर घरं मोजकी असतात, तुमच्याकडे अठरा माणसं आली म्हणजे सगळ्या जुव्यावर आली. त्यांची होडी लागणार, त्यांची न्हाणी लागणार, रात्रीचा आवाज त्यांना ऐकू जाणार. आधी जाऊन सांगून या आणि पहिल्या फराळाचं ताट त्यांच्याकडे पाठवा.

जाण्याच्या दिवसाचं म्हणाल तर भाऊबीजेला द्वितीया, भरती दीडला, आणि संध्याकाळी साडेसातला खाडी तळाला. परतीची तुतारी एक्सप्रेस संध्याकाळची, कोकणकन्या रात्रीची, त्यामुळे लोकांना वाटतं चहा पिऊन पाचला निघू. पाचला होडी रुतते. साडेतीनच्या पुढे कोणालाही थांबवू नका, कितीही आग्रहाचं माणूस असलं तरी, गाडीला वेळ असेल तर काठावरच्या देवळात किंवा स्टेशनवर बसू दे. कचऱ्याची पोती, रिकाम्या बाटल्या, फटाक्यांची खोकी त्यांच्याबरोबरच काठावर पाठवा, त्यांच्या गाडीतून ती शहरात जाऊ शकतात, आपल्याकडे ती जाळण्याशिवाय मार्ग नसतो आणि प्लास्टिक जाळलेला धूर जुव्यावरून लवकर हलत नाही. नारळ, आगळ, कोकम काय द्यायचं ते आदल्या रात्री प्रत्येक घराच्या नावाने पिशव्या भरून ठेवा. ओवाळणं सकाळी दहापर्यंत उरका, जेवण बाराला वाढा, सामानाची फेरी एकला, आणि माणसांमधे आत्यांची होडी पहिली सोडा, पाणी पायरीला लागलेलं असतानाच.